चवीपुरती

सकाळी साडेसहाला भोंपू वाजतो
आणि मी वीसची नोट घेऊन फाटकाशी धावते.
पाववाला असेल तर सायकल,
मासळी असेल तर पिएदादची स्कूटर.
दोन्ही भोंपू केप्याच्या एकाच दुकानातले.
चौदा वर्षं झाली, मला अजून फरक कळत नाही.

पिएदाद थांबतेच. थर्माकोलच्या पेटीचं झाकण उघडतेच.
"तारले आहेत. बघ तरी."
मी बघते. बघायला काय हरकत आहे,
चमकतात खरेच, नव्या पत्र्यासारखे.
"फाल्यां?" ती विचारते,
जणू ही सर्दी आहे, उद्यापर्यंत जाईल.

कारण मात्र सगळ्यांनाच हवं असतं.
व्रत आहे का, गुरू केलात का, डॉक्टरांनी सांगितलं का,
भटांच्या का तुम्ही?
नाही हो. आमच्याकडे उष्टावणाच्या बाळालाही
बोटभर हुमण चाखवतात.
अकराव्या वर्षी एका दुपारी मी ताट बाजूला सारलं
आणि पुन्हा जवळ ओढलं नाही, एवढंच.
आई म्हणाली, नखरे.
मग म्हणाली, बाहेरचं काही लागलं असेल.
मग काहीच म्हणेनाशी झाली,
फक्त डाळीला वेगळी पळी ठेवू लागली.
ती पळी माझ्याकडे आहे. दांडा वाकलाय.

परवा पंचायतीत गुरुदास वेळीपांच्या निवृत्तीचं जेवण होतं.
मी आधी सांगून ठेवलेलं, दोनदा,
यादीत नावापुढे गोल काढून.
कोबीची भाजी आली. भाजीत सुंगटं.
"थोडीशीच गं," वाढणारा म्हणाला, "चवीपुरती."
मीठ चवीपुरतं असतं. गूळ चवीपुरता.
मीही तक्रार चवीपुरतीच केली.
तर त्याने एकेक सुंगट वेचून काढलं,
तांदळातले खडे काढावेत इतक्या मायेने,
आणि ताट पुढे सरकवलं: "आता झाली ना शिवराक?"
भात खाल्ला. लोणचं, आधी हुंगून.

हॉटेलात तर विचारूच नका.
समुद्राचं वारं टेबलावरचे कागद उडवतंय
आणि माझ्यापुढे पनीर, टोमॅटोत बुडालेलं.
नाहीतर वेटर कानाशी वाकून सांगतो,
"ग्रेव्ही देतो की, तुकडे काढून."

पण श्रावण लागतो.
सगळा शेजार महिनाभर माझ्या पंगतीत येऊन बसतो, कुरकुरत.
कुंपणावरून हाका: खतखत्यात तेफळं कधी घालू?
मुगागाठीला गूळ किती?
मी पदर खोचून सांगते, जरा जास्तच सांगते.
अकरा महिने जिला कुणी विचारलं नाही
तिने एक महिना थोडं मिरवावं.
शिवाय तेफळाने जीभ अशी झिणझिणते,
की समोरच्या लिबर्टाच्या घरातला तळणाचा वास
पाचेक मिनिटं तरी पोचत नाही माझ्यापर्यंत.
(पोचतो. आणि खोटं कशाला बोलू,
तो वास अजून मला घरचा वाटतो.)

गुरुवारी भोंपू वाजला. नोट घेऊन धावले.
पिएदाद.
आज तिने पेटी उघडली नाही.
हँडलला एक पिशवी टांगलेली,
पेटीपासून दूर, दुसऱ्या बाजूला,
"वास लागला असता," म्हणाली.
आत सागाच्या पानात आळमी.
तिच्या घरामागच्या वारुळावर पहाटे उगवलेली,
देठांना अजून तांबडी माती.
बाजारात हिचे किती आले असते
ते मला माहीत आहे, तिला तर आहेच.
मी विचारलं, पैसे?
"फाल्यां," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी फाटकात उभी,
पहिल्यांदाच तिची वाट बघत.
तिने स्कूटरवर बसूनच बोट बुडवलं, चाटलं,
डोळे मिटून बराच वेळ विचार केला.
"बरं झालंय," म्हणाली.
"पण दोन सुंगटं हवी होती गो बाय."

आणि भोंपू वाजवत पुढे गेली.
वळणावरच्या घरातून कुणीतरी
पावाची पिशवी घेऊन धावत बाहेर आलं.